पूर्वपक्षाची शाळा

२०१९ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि महाराष्ट्रभर पालकांचे धाबे दणाणले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल एकदम ७७.१० वर घसरला होता. अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली होती, तरी सगळ्यांनी बोट ठेवले ते शाळांच्या हातून काढून घेतलेल्या वीस गुणांवर. भाषांच्या बाबतीत हे गुण मुख्यतः तोंडी परीक्षेचे होते. पुढच्याच वर्षी ते परत आले, निकालही वर चढला आणि वाद मिटला. मुंबईपासून नागपूरपर्यंत या वादात पुष्कळ काही बोलले गेले. पण दहा वर्षे भाषा शिकलेल्या मुलाला चारचौघांत उभे राहून एखादे म्हणणे मांडता येते का, समोरच्याने ते खोडले तर उत्तर देता येते का, हा प्रश्न कडेलाच राहिला. तोंडी परीक्षा म्हणजे निकालाला दिलेला टेकू, हे दोन्ही बाजूंनी जणू गृहीत धरले होते. बोलणे शिकवायचे असते, त्याचे एक शास्त्र असते, ही कल्पनाच आपल्या शालेय व्यवहारातून किती पुसली गेली आहे, ते त्या एका उन्हाळ्यात उघडे पडले.

या गदारोळाशी ज्यांचे काही देणेघेणे नाही असा एक लहानसा वर्ग आपल्या मोठ्या शहरांत आहे. ही कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा या वयाचा आहे. त्यापुढच्या मुलाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी-बारावी घरी अभ्यास करून देता येते. परीक्षेच्या विषयांपलीकडे काय शिकवावे, हे पालकांच्या हातात राहते. त्यांच्यापैकी ज्यांना मुलाला नीट बोलता, नीट वाद घालता यावा असे वाटते ते वक्तृत्वशास्त्राचा अभ्यासक्रम शोधू लागतात आणि हाती लागतात ते बहुधा अमेरिकन. या अभ्यासक्रमांचे मूळ बरेचसे एका व्याख्यानात आहे. १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये डोरोथी सेयर्स या लेखिकेने मध्ययुगीन युरोपातल्या व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या त्रयीचे पुनरुज्जीवन करावे असे सुचवले आणि पुढे अमेरिकेतल्या घरशाळावाल्यांनी तिचे म्हणणे आराखड्यासारखे उचलले. ॲरिस्टॉटल, सिसेरो आणि अफ्थोनियसचे चौदा पायऱ्यांचे सराव अशी त्याची सामग्री. ती टाकाऊ मुळीच नाही. प्रश्न एवढाच की नागपूरच्या घरात बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी निवड करताना कसोटी कोणती लावायची? ती कसोटी विदर्भाच्याच इतिहासात सापडते असे मला वाटते. या प्रदेशात वक्तृत्व शिकवले गेले ते शाळेबाहेर, आणि जिथे ते खरोखर शिकवले गेले तिथे त्याच्या केंद्रस्थानी पूर्वपक्ष होता: समोरच्याचे म्हणणे आधी नीट मांडायचे, मग आपले. शाळांनी वक्तृत्व हाती घेतले तेव्हा नेमका हा गाभा बाहेर राहिला.

इथे वैदर्भीय वाचकाला एक मोह पडण्यासारखा आहे. संस्कृत साहित्यशास्त्राने ज्या शैलीला सर्वश्रेष्ठ मानले तिचे नावच वैदर्भी. दंडीने काव्यादर्शात तिचे दहा गुण मोजले, वामनाने तर रीतीलाच काव्याचा आत्मा ठरवले. राजशेखराने काव्यमीमांसेत एक रूपककथा रचली. तिच्यात काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू देशोदेशी फिरतात आणि त्यांचा विवाह होतो तो विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीममध्ये. रामटेकजवळच्या नगरधनला वाकाटकांची राजधानी होती, त्यांच्यातल्या दुसऱ्या प्रवरसेनाने सेतुबंध लिहिले. इतका वारसा घराशी असताना ग्रीक-रोमनांकडे कशाला जायचे, असे कोणी म्हणेल. पण हा वारसा इथे उपयोगाचा नाही. वैदर्भी ही दरबारातल्या रसिकांसमोरची शैली आहे. प्रसाद, माधुर्य, सुकुमारता हे गुण वाक्य कसे असावे ते सांगतात. ते वाक्य खरे आहे का, समोरच्याला ते का पटावे, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. शालेय व्याकरणात उपमा, उत्प्रेक्षा, रूपक ओळखायला लावतात तो याच वारशाचा शेवटचा वाळलेला फाटा. अलंकार ओळखता येणारा मुलगा वाद घालू शकतोच असे नाही, हे कोणताही मराठीचा शिक्षक सांगेल. अभिमानाची वस्तू आणि शिकवण्याची वस्तू यांची गल्लत करू नये.

शिकवण्याची वस्तू दुसऱ्या शास्त्रात आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत दोन पक्षांतल्या संभाषणाचे तीन प्रकार केले आहेत. वादात दोघांनाही सत्य हवे असते. जल्पात जिंकायचे असते आणि त्यासाठी शब्दच्छलही चालतो. वितंडेत स्वतःची बाजू न घेता फक्त दुसऱ्याची मोडायची असते. अनुमान मांडायचे पाच टप्पे ठरलेले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पण मला यातला सर्वांत शिकवण्याजोगा भाग वाटतो तो बावीस निग्रहस्थानांचा, म्हणजे माणूस वादात कुठे कुठे हरला असे धरायचे त्याच्या यादीचा. स्वतःची प्रतिज्ञा सोडून देणे, विषय सोडून भलतीकडे जाणे या गोष्टी तिच्यात आहेत, आणि अननुभाषणही आहे. प्रतिपक्षाने आपले म्हणणे तीनदा सांगितले, परिषदेला ते समजले, तरी तुम्हाला ते परत उच्चारता आले नाही, तर तुम्ही हरलात. समोरच्याचे म्हणणे त्याच्याइतक्याच स्पष्टपणे मांडता येणे ही इथे सौजन्याची बाब राहत नाही, ती खेळात टिकून राहण्याची अट होते. आणि ते समजले की नाही हे ठरवणारी परिषद, म्हणजे श्रोता, सूत्रातच बसवलेला आहे. आजच्या दूरचित्रवाणीवरच्या चर्चेला ही एक अट लावली तर पाच मिनिटांत सगळे पाहुणे बाद होतील.

यावर पहिला आक्षेप उघड आहे आणि तो खराही आहे. ही विद्या पाठशाळेच्या चार भिंतींत, संस्कृतात, मूठभर पुरुषांपुरती होती. शूद्रांना आणि स्त्रियांना तिथे दार नव्हते. ज्या शास्त्राने परिषदेला इतके महत्त्व दिले त्याची परिषद इतकी अरुंद असावी, हा त्याचा मोठा दोष आहे आणि परंपरेचे गोडवे गाताना तो झाकून चालणार नाही. मात्र शास्त्र अडकून पडले तरी त्याची पद्धत अडकून पडली नाही. तेराव्या शतकात चक्रधरांच्या भोवती, आणि त्यांच्यानंतर अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, जी मंडळी जमली तिच्यात स्त्रिया होत्या, आणि त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. महदाइसा तर प्रश्न विचारण्यासाठीच प्रसिद्ध. म्हाइंभटाच्या लीळाचरित्रात तिची जिज्ञासा पदोपदी भेटते. चक्रधरांनंतर केशोबास संस्कृतात लिहू पाहत होता, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवले. संस्कृतात लिहिले तर पंथातल्या वृद्ध स्त्रिया त्याला मुकतील, असा त्यांचा रोख होता. परिषद रुंद करण्याचा हा निर्णय होता, आणि मराठी गद्याच्या इतिहासात त्याचे मोल जेवढे मानले जाते तेवढेच ते मराठी वादपद्धतीच्या इतिहासातही मानायला हवे.

त्याच केशोबासाचा दृष्टांतपाठ हा माझ्या मते मराठीतला वक्तृत्वाचा पहिला पाठ्यग्रंथ आहे, जरी त्याला तसे कोणी म्हटलेले नाही. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची घडण तीन भागांची आहे. आधी चक्रधरांचे सूत्र, एका ओळीचे, घट्ट. मग त्यांनीच सांगितलेला दृष्टांत, आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीसारखा, कोणालाही कळेल असा. शेवटी केशोबासाने जोडलेले दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतली कोणती बाजू सूत्रातल्या कशाला लागू पडते याचा उलगडा. तिसरा भागच शिकवण्याचा आहे. गोष्ट सांगणे सोपे आहे आणि ती लागू पडली असे वाटायला लावणे त्याहून सोपे. गोष्ट नेमकी कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही हे सांगताना मात्र वक्ता उघडा पडतो. घरी शिकवणाऱ्या पालकाला करता येण्याजोगा सराव इथे तयारच आहे: सूत्र आणि दृष्टांत वाचायला द्यायचे, दार्ष्टांतिक झाकून ठेवायचे आणि ते मुलाला मांडायला लावायचे, मग केशोबासाचे उघडून पाहायचे आणि दोहोंत फरक पडला तर कोणाचे अधिक बरोबर, यावर बोलायचे. भाषा सातशे वर्षांपूर्वीची आहे, अडखळायला होते. पण वाक्ये लहान आहेत, आणि सिसेरोच्या इंग्रजी अनुवादात अडखळण्यापेक्षा हे अडखळणे जास्त पदरात टाकते.

कीर्तनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. समर्थांच्या दासबोधात चौदाव्या दशकात कीर्तनलक्षण आणि हरिकथालक्षण असे दोन स्वतंत्र समास आहेत, आणि सबंध ग्रंथच श्रोत्यांच्या आशंका घेत पुढे सरकतो. निरूपण रंगात आले की कोणीतरी शंका काढतो आणि वक्त्याला थांबून उत्तर द्यावे लागते. नारदीय कीर्तनाची मांडणीही पक्की: नमन, मग पूर्वरंगात अभंग घेऊन सिद्धांताचे निरूपण, मध्ये भजन, मग उत्तररंगात तोच सिद्धांत आख्यानातून. विचार आधी की कथा आधी, श्रोता कधी थकतो, केव्हा गायचे आणि केव्हा बोलायचे, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव या रचनेत साठलेला आहे. १९१८ मध्ये नागपुरात कीर्तन संमेलन भरले तेव्हा लोकमान्य टिळकांनी तिथे बोलताना, आपण पत्रकार झालो नसतो तर कीर्तनकार झालो असतो, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. ते सौजन्यापोटी काढले असतील असे वाटत नाही. वृत्तपत्र न वाचणाऱ्या माणसापर्यंत पोचणारे साधन कोणते, हे त्यांना ठाऊक होते. वऱ्हाडातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी तर या साधनाची पूर्वापार मांडणी जवळजवळ मोडीत काढली. शाळा त्यांच्या वाट्याला आलेली नव्हती. ते समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत, उत्तर येईपर्यंत थांबत, आलेल्या उत्तरावरच पुढचा प्रश्न रचत, आणि कर्ज काढून केलेले सण, देवापुढे कापलेले बकरे, दारू यांच्याविरुद्धचा निष्कर्ष श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. अथेन्सच्या बाजारात सॉक्रेटिस करायचा तेच, फक्त हातात काठी आणि खापर घेऊन.

कीर्तनात निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, मग तो वाद कसला, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्य करायला हवा. हरिनामाच्या विरुद्ध बाजू घेणारा कीर्तनकार नसतो. म्हणून कीर्तनातून विधान तपासायला शिकता येत नाही. शिकता येते ती मांडणी आणि श्रोता वाचण्याची हातोटी. न्यायशास्त्र जे देते ते कीर्तन देत नाही, आणि कीर्तन जे देते ते न्यायशास्त्राच्या गावी नाही. अभ्यासक्रम निवडणाऱ्याला दोन्ही लागतील.

शाळा-कॉलेजांत हे सारे का आले नाही? एक कारण इंग्रजांनी सोबत आणलेल्या वक्तृत्वशास्त्रातच होते. ते त्या वेळेपर्यंत स्वतःच आकसले होते. ह्यू ब्लेअरची १७८३ ची व्याख्याने आणि अलेक्झांडर बेनचे १८६६ चे पुस्तक यांत भर आहे तो अभिरुचीवर, शैलीवर आणि लेखी रचनेवर. सभेतला वाद मागे पडून परिच्छेद पुढे आला होता. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा होऊन त्या वेळी फार वर्षे लोटली नव्हती. पुढे १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज निघाले, आणि इथल्या मुलांना वक्तृत्वशास्त्र भेटले ते याच आकसलेल्या रूपात, इंग्रजी रचनेचा एक भाग म्हणून. मराठीतही नेमके त्याच सुमारास दोन नवे मार्ग उघडले. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली आणि १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्याची वसंत व्याख्यानमाला. दोन्हींचे उपकार मोठे आहेत. पण दोन्हींत प्रतिपक्ष जागेवर नसतो. निबंधमालेत लोकहितवादींवर आणि जोतीरावांवर आसूड ओढले गेले, आणि उत्तर देण्याची सोय तिथे नव्हती. व्याख्यानमालेत श्रोता खुर्चीवर बसला आणि टाळ्या वाजवू लागला. मराठी मध्यमवर्गाने पुढली शंभर वर्षे चांगले बोलणे म्हणजे चांगले व्याख्यान असे समजण्याची सवय तिथून लावून घेतली. नागपूर त्यात मागे नव्हते. बाळशास्त्री हरदास, पुढे राम शेवाळकर यांची व्याख्याने ऐकायला लोटणारी गर्दी हा या शहराचा ठेवा आहे. पाठांतर, ओघ, संदर्भांची श्रीमंती यांत त्यांच्या जवळ जाणारे थोडे. तरीही शिकणाऱ्यापुढे हे आदर्श ठेवण्यात एक धोका राहिलाच: मुलांनी उचलला तो ओघ. त्यामागची व्युत्पत्ती उचलायला अर्धे आयुष्य लागते, ओघ आठवड्यात उचलता येतो.

आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा या ओघाची कार्यशाळा झाली. विषय आधी जाहीर, भाषण बाईंनी किंवा वडिलांनी लिहिलेले, पाच मिनिटे, चार मिनिटांना इशाऱ्याची घंटा, हातवाऱ्यांना गुण. अशा स्पर्धेत प्रश्न विचारणारा कोणी नसतो, म्हणून ज्याचे उत्तर द्यावे लागेल असे काही बोलण्याची गरजही नसते. कॉलेजांतल्या वादविवाद स्पर्धांची स्थिती त्यापेक्षा बरी आहे. सभागृहासमोर ठराव येतो, एका संघातले दोघे एकमेकांविरुद्ध बाजू घेतात, आधीच्या वक्त्याचे मुद्दे खोडल्याला वजन असते. नागपूरच्या कॉलेजांतून मोहम्मद हिदायतुल्ला, वसंतराव नाईक, पी. व्ही. नरसिंह राव यांच्यासारखे लोक शिकून गेले. बाजू मांडण्याच्या कौशल्यावर चालणारे वकिली आणि संसदीय जग या शहराला अनोळखी नव्हते. पण तिथेही मुलगा पोचतो तो अठराव्या वर्षी, आणि तोपर्यंत पाठ केलेल्या भाषणांची सवय हाडीमासी खिळलेली असते.

पूर्वपक्ष हाताळण्याचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा धडा नागपुरातच दिला गेला, आणि तो कोणत्याही कॉलेजच्या सभागृहात दिला गेला नाही. त्याची पूर्वतयारी आधीच्या दोन पिढ्यांनी केली होती. मोहप्याच्या किसन फागोजी बनसोडे यांनी १९१० मध्ये स्वतःचा छापखाना काढला आणि अस्पृश्यांची बाजू मांडणारी पत्रे चालवली. जाईबाई चौधरींनी मुलींची शाळा काढली. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली तेव्हा २० जुलैला स्त्रियांची वेगळी परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी यांसारख्या विषयांवर तिथे ठराव झाले. या बायका बोलायला कुठे शिकल्या, हे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या पुस्तकात नोंदवलेल्या आठवणींवरून दिसते. त्या वस्त्यांमधल्या सभांत आणि महिला मंडळांत शिकल्या, जिथे टोकणारा समोरच बसलेला असे, पुष्कळदा घरातलाच. १५ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, डॉ. आंबेडकरांनी मराठीत केलेले दीर्घ भाषण या दृष्टीने पुन्हा वाचावे. त्याची सुरुवात धर्माच्या थोरवीपासून होत नाही. लोक विचारतात, नागपूरच का निवडले? संघ इथे आहे म्हणून का? हा आक्षेप ते स्वतःच पुढे आणतात, नाकारतात, आणि नाग लोकांचा इतिहास सांगून आपले कारण देतात. मग दुसरा: धर्म बदलल्यावर सवलतींचे काय? तोही ते टाळत नाहीत. लाखो माणसे आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय घेऊन समोर बसलेली असताना, टाळ्या हव्या तितक्या मिळणार हे ठाऊक असताना, वक्ता विरोधकांच्या प्रश्नांपासून सुरुवात करतो. अननुभाषणाच्या सूत्राची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही, आणि ज्यांना त्या सूत्राच्या पाठशाळेत पाऊल ठेवू दिले नसते त्यांच्यासमोर ती केली गेली हे विसरता येत नाही.

घरी शिकणाऱ्या मुलाला परिषद कुठून आणायची, हा आक्षेप पालक स्वतःच घेतात. वर्ग नाही, बाके नाहीत, चाळीस चेहरे नाहीत. वर सांगितलेल्यापैकी एकही जागा वर्गातली नाही, एवढे याचे उत्तर पुरे होईल असे नाही. रिद्धपूरचा मेळा, कीर्तनाचा मंडप, वस्तीतली सभा या जागांना त्यांचा श्रोता आपोआप मिळत होता. फ्लॅटमधल्या कुटुंबाला तो जाणीवपूर्वक जमवावा लागेल. पण शाळेतले चाळीस चेहरेही परिषद नसतात. ते बाईंनी गप्प बसवलेले असतात. तीन-चार कुटुंबांनी महिन्यातून एकदा एकत्र यावे आणि त्यात दोन-तीन अशी मोठी माणसे असावीत ज्यांना त्या विषयात खरोखर रस आहे व ज्यांची मते मुलाच्या आईवडिलांपेक्षा निराळी आहेत. ही दुसरी अट कठीण आहे. आपल्यासारख्याच विचारांच्या लोकांत मुलाला वाढवता यावे, यासाठीच काही जण शाळा सोडतात. त्यांनी वक्तृत्वाचा अभ्यासक्रम घेऊ नये, पाठांतराचा घ्यावा.

बोलायला शिकवले की पुढारी तयार होतात, आणि पुढाऱ्यांची नागपुरात कमतरता नाही, हा शेवटचा आणि जुना आक्षेप. प्लेटोनेही तो घेतला होता. छल ओळखता येणाऱ्याला छल करताही येतो हे खरेच आहे. पण मुलाच्या कानावर भाषणे पडणे थांबणार नाही. त्यातले काय पटले आणि काय नुसते भिडले हे वेगळे करता येते की नाही, एवढेच आपल्या हातात आहे. नागपूरला यासाठी एक सोय आहे जी दुसऱ्या कोणत्याही शहराला नाही. दसऱ्याच्या दिवशी रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव असतो आणि सरसंघचालकांचे भाषण होते. काही किलोमीटरवर दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी देशभरातून माणसे आलेली असतात आणि तिथेही भाषणे होतात. दोन्ही ऐकायला मिळतात. सोळा वर्षांच्या मुलाने ती ऐकावीत, आणि घरात ज्या बाजूचा कल नाही तिचे म्हणणे त्या बाजूच्या माणसाने मान डोलवावी अशा शब्दांत एका पानात मांडावे. मग त्यातली प्रतिज्ञा कोणती, हेतू कोणता, उदाहरण लागू पडते का, हे सोडवावे. पालकांना हे जड जाईल. मुलाला त्या मानाने कमी.

आता अमेरिकन अभ्यासक्रमाचे काय? तो घ्यावा, पण शेवटी घ्यावा. नववी-दहावीच्या वयात दृष्टांतपाठातले वीस-पंचवीस दृष्टांत आणि एका नारदीय कीर्तनाची मांडणी कागदावर उतरवून काढणे. अकरावीत निग्रहस्थाने, पण आजच्या उदाहरणांवर, विधिमंडळातल्या नाहीतर वृत्तवाहिनीवरच्या चर्चांवर. मग १९५६ चे भाषण आणि दसऱ्याची भाषणे. बारावीत इंग्रजी. मराठीत वाद घालता येणाऱ्याला इंग्रजीतला वाद आपोआप येत नाही, तिथे शब्द आणि वळणे नव्याने कमवावी लागतात, आणि कायद्याच्या प्रवेशपरीक्षा वा मुलाखती देणाऱ्याला ती लागतातच. अफ्थोनियसच्या चौदा सरावांत खंडन आणि मंडन असे दोन सराव आहेत, ते या वयात आपल्याकडच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाशी ताडून पाहता येतात. अभ्यासक्रम विकत घेण्यापूर्वी त्याचे अनुक्रमणिकेचे पान उघडावे आणि हे दोन सराव कितव्या महिन्यात येतात ते बघावे. काही अभ्यासक्रमांत ते पहिल्या वर्षी असतात, काहींत अलंकारांच्या आठ प्रकरणांनंतर. दुसऱ्या प्रकारचा घेऊ नये. ती आठ प्रकरणे शाळेतही मिळाली असती.